उताऱ्याला कुलूप लावण्याआधी

माझे आजोबा सरकारी कागदांत तीन वेगवेगळी माणसं आहेत. जमिनीच्या उताऱ्यावर ते 'परसराम', मृत्यूच्या दाखल्यावर 'परशराम' आणि आधार कार्डावर 'परशुराम'. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांना सगळे परशरामच म्हणत. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता तेव्हाचा एक मोडीतला कागद घरात आहे, त्यावरही तेच नाव आहे. 1956 नंतर दप्तर कन्नडमध्ये गेलं, पुढे कर्नाटक सरकारच्या 'भूमी' योजनेत संगणकावर चढलं, आणि या वाटेत कुठेतरी कुणाच्या तरी हातून 'श' चा 'स' झाला. आजोबा गेल्यावर वडिलांनी वारसा लावण्यासाठी वर्दी दिली, तेव्हा हा 'स' पहिल्यांदा आमच्या लक्षात आला.

तिन्ही माणसं एकच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र लागलं, वर्तमानपत्रात जाहिरात लागली, वंशवृक्ष लागला, पंचांच्या सह्या लागल्या आणि एका कचेरीचे चौदा महिने हेलपाटे लागले. वडिलांना बाजारापुरतं कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. टेबलापलीकडचा माणूस कागदावर बोट ठेवून भराभर काही सांगायचा आणि वडील माझ्याकडे वळून विचारायचे, "काय म्हणूलालेत रे ते?" त्या चौदा महिन्यांत सोसायटीचं पीक कर्ज मिळालं नाही, कारण उतारा मयत माणसाच्या नावावर, आणि तो मयत माणूसही नेमका कोण हे ठरलेलं नाही.

हे घरचं गाऱ्हाणं इथे मांडतो आहे, कारण जमिनीच्या नोंदी ब्लॉकचेनवर नेण्याची भाषा आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयात बोलली गेली आहे. 7 नोव्हेंबर 2025 रोजी न्यायमूर्ती पी. एस. नरसिंहा आणि न्यायमूर्ती जॉयमाल्य बागची यांच्या खंडपीठाने बिहारच्या एका प्रकरणात निकाल दिला. विकणाऱ्याच्या नावे फेरफार झाल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय खरेदीखत नोंदवायचं नाही, असा बिहार सरकारने घातलेला नियम न्यायालयाने रद्द केला. त्याच निकालात पुढे असंही म्हटलं की नोंदणी आणि मालकी यांतली दरी मिटवण्यासाठी ब्लॉकचेनसारख्या तंत्राचा विचार व्हावा, आणि विधी आयोगाने त्याचा अभ्यास करावा. देशातल्या दिवाणी दाव्यांपैकी सुमारे 66 टक्के दावे जमीनजुमल्याचे असल्याचा आकडाही त्या निकालात आला आहे.

निकाल वाचून मला आधी बरं वाटलं. फेरफाराचे कागद जमिनीवरच्या वस्तुस्थितीच्या कितीतरी मागे चालतात, हे निदान न्यायालयाने ओळखलं. मग भीती वाटली. आज जे कागदावर आहे तेच ब्लॉकचेनच्या साखळीत ओवायचं ठरलं, तर 'परसराम' कायमचा झाला असता.

ब्लॉकचेन म्हणजे काय, हे आमच्या बाजारपेठेतल्या भाषेत सांगायचं तर ती एक रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर आधीच्या पानाचा ठसा असतो आणि त्याच रोजकीर्दीच्या प्रती एकाच वेळी अनेकांच्या ताब्यात असतात. ठशांनी पानं अशी एकमेकांत ओवली जातात, म्हणून ही साखळी. या ठशाला हॅश म्हणतात. पानावरच्या मजकुरातून गणिताने तो काढतात. मजकुरातलं एक अक्षर बदललं की ठसा पार बदलतो, मग पुढच्या पानांवरचे ठसे जुळत नाहीत, आणि ज्यांच्याकडे प्रती आहेत त्यांना खाडाखोड लगेच दिसते. मध्यरात्री कुणी कारकुनाने उताऱ्यावर नाव चढवलं आणि सकाळी 'पूर्वीपासून असंच आहे' म्हणाला, तर ते पकडण्यासाठी हे हत्यार खरोखर चांगलं आहे. मी या तंत्राच्या विरोधात नाही. ज्यांनी रेकॉर्ड रूममधून पानं गायब झालेली पाहिली आहेत, त्यांना या हत्याराची किंमत सांगावी लागत नाही.

पण हा ठसा पहिली नोंद खरी की खोटी हे सांगू शकत नाही. चुकीचं नाव एकदा चढलं की साखळी त्याची राखण तितक्याच इमानाने करेल. शिवाय 'परसराम', 'परशराम' आणि 'परशुराम' यांचे ठसे एकमेकांशी काडीचाही संबंध नसल्यासारखे निघतात. गावातलं शेंबडं पोर सांगेल की हे एकच आजोबा आहेत, पण यंत्राच्या लेखी ती तीन परकी माणसं आहेत. त्याहून बारीक गोष्ट अशी की आपल्या लिपीतला 'ऱ' संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो, कन्नडमधल्या ओकाराचंही तसंच आहे. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब दिसतात, ठसा मात्र वेगळा येतो. मराठी नावं कन्नड लिपीत आणि तिथून इंग्रजीत जातात, अशा जिल्ह्यात ही बारीक गोष्ट राहत नाही.

तंत्राचे जाणकार यावर म्हणतील, साखळीत दुरुस्तीला बंदी कुठे आहे? जुनी नोंद तशीच ठेवून खाली नवी नोंद घालायची, म्हणजे चूकही दिसेल आणि दुरुस्तीही. बरोबर आहे. पण ती नवी नोंद घालण्याचा हक्क कुणाला, किती दिवसांत, कुठल्या पुराव्यावर, कुठल्या भाषेतल्या अर्जावर, आणि अधिकाऱ्याने नाही म्हटलं तर दाद कुठे? या प्रश्नांची उत्तरं यंत्रात नसतात, ती कायद्यात लिहावी लागतात. आणि आजवर ब्लॉकचेनवर जे कायदे झाले, त्यांतले बहुतेक या प्रश्नांसाठी झालेलेच नाहीत.

अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्याचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. जानेवारी 2016 मध्ये तिथल्याच सरकारी खात्यांनी अभ्यास करून विधिमंडळाला कळवलं की सरकारी दप्तरासाठी ब्लॉकचेन वापरण्यात फायद्यापेक्षा खर्च जास्त दिसतो. तरी त्याच वर्षी तिथे ब्लॉकचेनवरच्या नोंदींना मान्यता देणारा कायदा झाला. का झाला, याचं उत्तर सोपं आहे. छोट्या राज्याला नव्या कंपन्या आपल्याकडे यायला हव्या होत्या, आणि कायदा ही त्यांच्यासाठी लावलेली पाटी होती. पुढच्या वर्षी ॲरिझोनाने साखळीवरच्या सह्यांना आणि करारांना मान्यता दिली, डेलावेअरने कंपन्यांच्या भागधारकांची वही साखळीवर ठेवायला परवानगी दिली. माल्टाने 2018 च्या जुलैत एकदम तीन कायदे केले आणि तेव्हाचे पंतप्रधान जोसेफ मस्कॅट आपल्या देशाला 'ब्लॉकचेन बेट' म्हणू लागले. यातला एकही कायदा बांधावरच्या माणसाने मागितलेला नव्हता. ही भांडवलाला दिलेली आमंत्रणं होती. सरकारांनी आमंत्रणं द्यावीत, त्यात गैर काही नाही, पण आमंत्रणपत्रिकेला हक्कपत्र समजायची चूक आपण करू नये.

तरीही व्हर्माँटच्या त्या कायद्यात एक वाक्य आहे, जे आपल्या विधी आयोगाने अक्षरशः उचलावं असं मला वाटतं. साखळीवरची नोंद अस्सल आहे, तिची तारीख-वेळ खरी आहे, ती करणारा तोच आहे, असं न्यायालय गृहीत धरेल, असं तो कायदा सांगतो. आणि लगेच बजावतो की हे गृहीतक नोंदीतल्या मजकुराच्या खरेपणाला, वैधतेला किंवा कायदेशीर दर्जाला लागू नाही. म्हणजे कागद बनावट नाही एवढंच साखळी सांगेल. कागदावर लिहिलेलं खरं आहे का, हे माणसांनीच ठरवायचं.

आपल्याकडे ही सीमारेषा आधीच पुसट आहे. कर्नाटक भूमहसूल कायदा 1964, कलम 133 असं सांगतो की हक्कनोंदणीतली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरीच मानायची. उतारा म्हणजे मालकीहक्काचा अंतिम पुरावा नव्हे, हे न्यायालयं वारंवार सांगतात. पण बँकेच्या काउंटरवर आणि सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या बाकड्यावर उताराच मालक ठरवतो. उलट सिद्ध करण्याचं ओझं ज्याचं नाव चुकलं त्याच्या डोक्यावर असतं. त्या गृहीतकाला उद्या साखळीचं वजन मिळालं, तर साधा तहसीलदारही म्हणेल, "अहो, ब्लॉकचेनवर आहे, चुकणार कसं?" 'भूमी' आली तेव्हा 'कॉम्प्युटरवर आहे, चुकणार कसं' हे वाक्य आम्ही ऐकलेलं आहे.

'भूमी'बद्दल मी कृतघ्न नाही. सुमारे 67 लाख शेतकऱ्यांचे जवळपास 2 कोटी उतारे संगणकावर आणणं हे देशातलं पहिलं एवढं मोठं काम होतं. पंधरा रुपयांत उतारा मिळू लागला आणि गावच्या एका माणसाच्या मर्जीवर अडणं बऱ्याच अंशी संपलं. त्याच वेळी हाताने लिहिलेल्या उताऱ्याची कायदेशीर किंमतही संपवण्यात आली. तो एक दिवस महत्त्वाचा होता. त्या दिवसापर्यंत चुकीला चूक म्हणायला जुना कागद साक्षीला होता. त्यानंतर संगणकात जे चढलं तेच खरं. आमच्यासारख्या घरांना ते चढताना वाचून दाखवलं गेलं नाही, किंवा वाचलं तर समजेल असं वाचलं गेलं नाही. ब्लॉकचेनचा कायदा झाला तर असा दिवस पुन्हा एकदा येणार आहे, आणि या वेळी मागचं दार आणखी घट्ट बंद होईल.

दिल्लीत या विषयावर जे राजकारण चाललं आहे, त्यात हा प्रश्न कुठेच नाही. तिथे सगळी लढाई नाण्याची आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये ते परिपत्रक रद्द केलं. 2021 मध्ये संसदेच्या कामकाजाच्या यादीत एक विधेयक आलं, खासगी चलनांवर बंदी घालणारं आणि त्यामागच्या तंत्राला मात्र वाट मोकळी ठेवणारं. ते मांडलंच गेलं नाही. मग 2022 च्या अर्थसंकल्पात या चलनांच्या कमाईवर 30 टक्के कर लावला गेला. बंदीही नाही, मान्यताही नाही, कर मात्र आहे. 'क्रिप्टो वाईट, ब्लॉकचेन चांगलं' हे या काळात घडलेलं घोषवाक्य, आणि त्यामुळे ब्लॉकचेनवर टीका करणं म्हणजे प्रगतीला विरोध असा एक समज सरकारी वर्तुळात बसला आहे. आमच्या राज्यातही हा विषय विधानसभेत गाजला तो बिटकॉइन घोटाळ्याच्या आरोपांमुळे. 2021 मध्ये तेव्हाचे सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांवर तुटून पडले होते. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात दर हिवाळ्यात अधिवेशन भरतं, तिथून खानापूरची शेतं गाडीने तासाभराच्या आत येतात. पण उताऱ्यातल्या दुरुस्तीवर त्या सभागृहात जो वेळ जातो, तो घोटाळ्यांच्या आरोपांपुढे कितीसा?

लोकांना कळत नाही, पण एका जागी आपल्या देशात ब्लॉकचेन कायद्याने सक्तीचं होऊन बरीच वर्षं झाली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जुलै 2018 मध्ये नियम केले, की कंपन्यांनी पाठवायचे एसएमएस वितरित खातेवही तंत्रावरच्या, म्हणजे ब्लॉकचेनच्या जातीच्या, नोंदणीतून गेले पाहिजेत. तुमच्या फोनवर बँकेचा जो संदेश येतो, त्याचा पाठवणारा आणि मजकुराचा साचा अशा खातेवहीत नोंदवलेला असतो. जगात असा नियम करणारे आपण पहिल्यांपैकी. नोंदणीकृत कंपन्यांना त्याने थोडी शिस्त लागली. नको असलेले फोन आणि फसवे संदेश मात्र साध्या दहा आकडी नंबरांवरून येतच राहिले, आणि प्राधिकरणाला 2024 मध्ये त्यांच्यावर नव्याने कारवाई सुरू करावी लागली. साखळीने आपल्या दारावर चोख पहारा दिला. चोर त्या दाराने येतच नव्हते. जमिनीच्या बाबतीत हे ध्यानात ठेवायला हवं. आमच्याकडची बहुतेक फसवणूक नोंद झाल्यानंतरच्या खाडाखोडीतून होत नाही. ती नोंद होण्याआधी होते. बहिणीचं नाव वंशवृक्षातून गाळलं जातं, म्हाताऱ्याचा अंगठा उठवला जातो, हिस्सा मोजताना साखळी (मोजणीची, लोखंडी) चार हात सरकवली जाते. त्यानंतर जे नोंदवलं जातं ते नियमाप्रमाणे, शिक्क्यासह नोंदवलं जातं.

आता प्रती कुणाकडे असतील ते पाहू. रोजकीर्दीच्या प्रती वेगवेगळ्या, एकमेकांवर नजर ठेवणाऱ्या हातांत असतील तरच हे तंत्र काही कामाचं. केंद्र सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये 'विश्वस्य' नावाची राष्ट्रीय ब्लॉकचेन रचना जाहीर केली. ती भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद इथल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या केंद्रांत उभी आहे. शहरं तीन, पण घर एकच. सासू, सून आणि नणंद तिघींनी साक्ष दिली म्हणून शेजाऱ्याचा दावा खोटा ठरत नाही. सरकारच्याच ताब्यातल्या तीन प्रती म्हणजे चांगला बॅकअप झाला, आणि तोही हवाच. पण सरकारपासून संरक्षण हवं असलेल्या माणसाला त्यातून काही मिळत नाही.

असं संरक्षण कधी लागतं, हे आमच्या शेजारच्या विजयपूर जिल्ह्याने 2024 मध्ये पाहिलं. ऑक्टोबरात तिथल्या शेतकऱ्यांना वक्फच्या जमिनींबाबत नोटिसा आल्या आणि उताऱ्याच्या 11 नंबरच्या कॉलममध्ये नोंदी चढल्याच्या तक्रारी आल्या. राज्यभर राजकारण पेटलं. नोव्हेंबरात मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी नोटिसा मागे घेण्याचे आणि पूर्वसूचना न देता केलेले फेरफार रद्द करण्याचे आदेश दिले. पक्षांनी त्यात आपापली पोळी भाजली, ते सोडून देऊ. मला त्यातली दप्तराची बाजू महत्त्वाची वाटते. नोंद चढली ती अधिकाऱ्याच्या अधिकारात, उतरवायचे आदेश निघाले तेही वरून. दोन्ही वेळा शेतकरी कुठे होता? साखळी असती तर ती नोंद कुणी, कधी चढवली हे शिक्क्यासह दिसलं असतं, आणि ते चांगलंच झालं असतं. पण नोंद चढण्याआधी त्या शेतकऱ्याला विचारलं पाहिजे, ही अट साखळीने घातली नसती. ती कायद्याने घालायची असते आणि पाळायची सवय सरकारला असावी लागते.

आता सीमाभागाकडे येतो, कारण माझं खरं दुखणं इथे आहे.

इथल्या कित्येक घरांत जमिनीच्या कागदांच्या तीन पिढ्या आहेत. मोडीतले, मग बाळबोध मराठीतले, मग कन्नडमधले. 'आकारबंद' (क्षेत्र आणि आकारणीची नोंद) आणि 'टिप्पण' (मोजणीचा कच्चा नकाशा) हे शब्द तिन्हींत तसेच टिकले आहेत, सीमेच्या दोन्ही बाजूंना आजही तेच चालतात, हे पाहून मला नेहमी बरं वाटतं. माणसांची नावं मात्र टिकली नाहीत. आमच्याकडे कल्लाप्पाचा कल्लू होतो, यल्लाप्पाचा यल्लू. वडिलांचं नाव कधी आडनावाआधी, कधी नुसत्या आद्याक्षरात. कुणाचं आडनाव उताऱ्यावर आहे आणि आधारवर नाही. 2024 पासून कर्नाटकात उतारे आधारशी जोडण्याची मोहीम चालली, तेव्हा हे सगळे जुने घोटाळे एकदम वर आले. हे फक्त मराठी माणसाचं झालं असंही नाही. आमचे शेजारी कन्नड बोलतात, त्यांच्या उताऱ्यावर क्षेत्रच चुकलंय, एक एकर बारा गुंठ्यांचे एक एकर दोन झाले आहेत. फरक एवढाच की त्यांना ते पहिल्या दिवशी वाचता आलं. आमच्या वडिलांना ते आजोबांच्या तेराव्यानंतर कळलं, आणि वाचून दाखवलं ते त्याच शेजाऱ्यांनी. माझं भांडण कन्नडशी नाही. ज्या कागदावर माझं पोट आहे तो मला वाचता आला पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

आणि ही कुणाकडे मागितलेली भीक नाही. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी, 1956 मध्येच, केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणं ठरवली. 1961 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ती मान्य झाली. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी अल्पसंख्य भाषा बोलणारे 15 टक्क्यांच्या वर आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करायचे. बेळगाव जिल्ह्यात मराठी बोलणारे त्या रेषेच्या वर आहेत, खानापूर तालुक्यात तर निम्म्याहून अधिक. 'परिपत्रकं मराठीत द्या' ही इथली जुनी मागणी आहे आणि ती मोर्च्यांत, निवेदनांत दरवर्षी फिरते. जमिनीच्या उताऱ्याइतकी महत्त्वाची सरकारी सूचना दुसरी कुठली असेल? तरी आमच्या निवेदनांत फलकांची, बसवरच्या पाट्यांची जेवढी चर्चा असते, तेवढी उताऱ्यातल्या 9 नंबरच्या कॉलमची नसते, जिथे मालकाचं नाव लिहिलेलं असतं. 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्या माझ्या वडीलधाऱ्यांचा मला आदर आहे, मीही त्या फेरीत चाललो आहे. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमाप्रश्नाचा दावा जेव्हा निकाली निघेल तेव्हा निघेल. तोवर आमची जमीन कर्नाटकाच्या दप्तरात आहे, आणि निकाल काहीही लागला तरी त्याच दप्तरावरून पुढचं दप्तर तयार होणार आहे. चुकीचं नाव सीमेच्या कुठल्याही बाजूला चुकीचंच राहील.

याला काय करता येतं, ते महाराष्ट्रातच एकदा झालं आहे. सातबाराचं संगणकीकरण तिथेही चुकांनी भरलेलं होतं. म्हणून 2017 मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. हाताने लिहिलेला आणि संगणकातला सातबारा लोकांसमोर वाचायचा, चूक निघाली की तिथेच आक्षेप नोंदवायचा. सगळीकडे ते नीट झालं असं नाही, काही गावांत नुसता उपचार झाला. पण कल्पना आपल्या मातीतली आहे आणि खर्चाची नाही. गावासमोर मोठ्याने वाचलेलं नाव शंभर कानांवरून जातं, आणि त्या कानांना परशराम आणि परसराम यांतला फरक कळतो. कर्नाटकानेही 2025 मध्ये मयतांच्या नावावरची खाती वारसांच्या नावे करण्यासाठी 'ई-पौती' मोहीम हाती घेतली आहे. त्या मोहिमेत हे वाचन जोडलं, आणि सीमाभागातल्या गावांत ते कन्नडबरोबर मराठीतही केलं, तर निम्मी दुखणी तिथेच मिटतील.

जॉर्जियात, म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या त्या छोट्या देशात, 2016 मध्ये जमिनीच्या नोंदी ब्लॉकचेनशी जोडल्या आणि ते काम टिकलं. त्याआधी दहा-बारा वर्षं त्यांनी नोंदणीचं खातं नव्याने उभारून दप्तर साफ केलं होतं. होंडुरासमध्ये 2015 साली दप्तराची ती तयारी नसताना अशीच योजना जाहीर झाली आणि ती अडकून पडली. हा क्रम विधी आयोगाने पाहावा. आधी झाडलोट, मग कुलूप.

जमिनीचा कायदा करताना केंद्र आणि राज्य यांचाही घोळ आहे. जमीन आणि जमिनीच्या नोंदी राज्यसूचीत आहेत, दस्तनोंदणी समवर्ती सूचीत. 1908 च्या नोंदणी कायद्याऐवजी नवा कायदा आणण्यासाठी केंद्राने 2025 च्या मे महिन्यात मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यात ऑनलाइन नोंदणी आहे. उद्या केंद्राची दस्तांची साखळी आणि राज्याची उताऱ्यांची साखळी वेगळ्या झाल्या, तर आजोबांची तीन नावं दोन साखळ्यांत कोरली जातील. म्हणून कुठल्याही सरकारने कायदा केला तरी त्यात काही गोष्टी असाव्यात असा माझा आग्रह आहे. गावात वाचन होऊन आक्षेप निकाली निघाल्याशिवाय त्या गावाची नोंद साखळीत जाऊ नये. नावातल्या, वडिलांच्या नावातल्या, क्षेत्राच्या लेखनातल्या चुका तहसीलदाराने ठरलेल्या मुदतीत, फी न घेता दुरुस्त कराव्यात, आणि मुदत उलटली तर अर्ज मान्य झाला असं धरावं. जुन्या कागदाला, मग तो मोडीत का असेना, पुरावा म्हणून दारातच नाकारता येऊ नये. साखळीच्या प्रती सरकारबाहेरही असाव्यात. जिल्हा न्यायालयाकडे एक, ग्रामपंचायतीकडे एक, आणि ज्याची जमीन त्याच्या हातात त्याच्या नोंदीचा ठसा, त्याला वाचता येईल अशा भाषेत.

आणि पैशाची जबाबदारी. मालकी कायमची ठरवणारी नोंदणी ही काही आजची कल्पना नाही, दक्षिण ऑस्ट्रेलियाने ती 1858 मध्येच आणली. पण तिच्यासोबत एक निधीही आला, कारण नोंद अंतिम म्हणायची असेल तर तिच्या चुकीने ज्याचं नुकसान होतं त्याला सरकारने भरपाई दिली पाहिजे. आपल्याकडे ब्लॉकचेनवर बोलणाऱ्या भाषणांत अंतिमपणा असतो, निधी नसतो. माझ्या वडिलांचे ते चौदा महिने, बुडालेलं पीक कर्ज, सावकाराकडून घेतलेले पैसे, याची भरपाई कुणी दिली नाही आणि मागायची सोयही नव्हती. चुकीची किंमत सरकारला मोजावी लागेल, असं कायद्यात लिहिलं की अधिकारी नोंद करण्याआधी दोनदा वाचतील. कुठल्याही गणिती ठशापेक्षा याने चुका कमी होतील, असं मला मनापासून वाटतं.

आमचा उतारा आता वडिलांच्या नावावर आहे. त्यांच्या नावात सुदैवाने चूक नाही, पण आईचं नाव कुठेच नाही, आणि आत्याचं नाव वंशवृक्षात असूनही उताऱ्यावर उतरलेलं नाही. आत्याने हक्क सोडलेला नाही, तिला कुणी विचारलंच नाही. तिचा अर्ज आम्ही मागच्या आठवड्यात दिला, कन्नडमध्ये, आणि सोबत मराठी प्रत जोडली. काउंटरवरच्या बाईंनी मराठी प्रत परत केली नाही, फाइलला लावली. विधी आयोगासाठीही मी एक निवेदन तयार केलं आहे. त्याला आजोबांच्या तिन्ही नावांच्या कागदांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.